अमेरिकेतील मोटार विमा: राज्याची किमान अट आणि आपली खरी जबाबदारी

भारतात गाडी चालवून अमेरिकेत आलेल्या माणसाला मोटार विमा ओळखीचा वाटतो, आणि घोटाळा होतो तो त्या ओळखीमुळेच. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार भारतात थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे; त्याचा प्रीमियम सरकार ठरवते, आणि अपघातात तिऱ्हाईत माणूस दगावला किंवा जखमी झाला तर मोटार अपघात दावा प्राधिकरण ठरवेल ती भरपाई विमा कंपनी भरते. त्या रकमेला पॉलिसीत वरची मर्यादा लिहिलेली नसते. खासगी मोटारीच्या पॉलिसीत मर्यादा असते ती दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला, साडेसात लाख रुपयांची. त्यामुळे "थर्ड पार्टी आहे ना, मग झाले" ही आपली सवय तिकडे सहसा अंगाशी येत नाही. अमेरिकेत मात्र माणसाला झालेल्या इजेच्या भरपाईलाही पॉलिसीवर ठरावीक डॉलरची मर्यादा असते, ती मर्यादा आपणच निवडलेली असते, आणि तिच्या वरची रक्कम आपल्याकडून वसूल होऊ शकते. राज्य सरकार सांगते तो आकडा गाडी रस्त्यावर आणण्यापुरता आहे. आपला पगार, बचत आणि घर वाचवायला किती विमा लागेल, याचा हिशेब राज्याने केलेला नाही. तो आपल्यालाच करावा लागतो. पुढील विवेचन अमेरिकेत नव्याने गाडी घेणाऱ्या, किंवा पहिली पॉलिसी घाईत घेऊन नंतर तिच्याकडे न पाहिलेल्या मराठी कुटुंबांसाठी आहे.

आधी आपले राज्य आणि त्याचा आकडा नक्की करा

विम्याचे नियमन अमेरिकेत राज्यांच्या हाती आहे. १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने अमेरिकी काँग्रेसने ही व्यवस्था पक्की केली. मोटार विमा प्रथम सक्तीचा झाला तो मॅसॅच्युसेट्समध्ये, १९२७ पासून. आज न्यू हॅम्पशायर वगळता सर्व राज्यांत तो सक्तीचा आहे, आणि न्यू हॅम्पशायरमध्येही अपघात केल्यास भरपाईची ऐपत दाखवावी लागतेच. व्हर्जिनियात ५०० डॉलर शुल्क भरून विम्याविना गाडी चालवण्याची जुनी पळवाट होती. ती १ जुलै २०२४ पासून बंद झाली आहे.

आपल्याला कोणत्या राज्याचा नियम लागू होतो, हे गाडी रात्री जिथे उभी राहते त्या पत्त्यावरून ठरते. नोकरी मॅनहॅटनमध्ये असली तरी गाडी जर्सी सिटीतल्या इमारतीखाली उभी राहत असेल, तर नोंदणी आणि विमा न्यू जर्सीचा लागतो. न्यू यॉर्क राज्य तर आपल्याकडे नोंदवलेल्या गाडीला दुसऱ्या राज्यात काढलेला विमा मान्यच करत नाही.

राज्याची किमान अट सहसा तीन आकड्यांत लिहितात, आणि ते हजार डॉलरमध्ये असतात. टेक्ससची अट ३०/६०/२५ अशी आहे. पहिला आकडा म्हणजे एका जखमी व्यक्तीसाठी कंपनी जास्तीत जास्त देईल ती रक्कम, दुसरा म्हणजे एका अपघातातील सर्व जखमींसाठी मिळून, आणि तिसरा म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी. पहिल्या दोघांना बॉडिली इंज्युरी आणि तिसऱ्याला प्रॉपर्टी डॅमेज लायबिलिटी म्हणतात. ही तिन्ही रक्कम आपल्या चुकीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान झाले त्यासाठी असते. आपल्या स्वतःच्या दवाखान्यासाठी किंवा गाडीसाठी त्यातला एक सेंटही मिळत नाही.

गेल्या काही वर्षांत अनेक राज्यांनी हे आकडे वाढवले आहेत, त्यामुळे पाच-सहा वर्षांपूर्वी आलेल्या मित्राने सांगितलेला आकडा आज चुकीचा असण्याची शक्यता बरीच आहे. कॅलिफोर्नियात कित्येक दशके १५/३०/५ होते, ते १ जानेवारी २०२५ पासून ३०/६०/१५ झाले. न्यू जर्सीच्या स्टँडर्ड पॉलिसीचे किमान २०२३ मध्ये २५/५०/२५ झाले आणि १ जानेवारी २०२६ पासून ३५/७०/२५ झाले. व्हर्जिनिया २०२५ च्या आरंभी ५०/१००/२५ वर गेले. नॉर्थ कॅरोलायना १ जुलै २०२५ पासून ५०/१००/५० वर, आणि त्याच तारखेपासून मॅसॅच्युसेट्स २५/५०/३० वर. उलट पेनसिल्व्हेनियात अजून १५/३०/५ चालते, म्हणजे दुसऱ्याच्या गाडीसाठी फक्त पाच हजार डॉलर. एवढ्यात आजकाल कॅमेरे आणि सेन्सर बसवलेला पुढचा बंपर व दिवे बदलून झाले तरी पुष्कळ. इलिनॉयमध्ये २५/५०/२०, वॉशिंग्टनमध्ये २५/५०/१०, जॉर्जियात २५/५०/२५ अशी अट आहे. आपल्या राज्याचा चालू आकडा त्या राज्याच्या विमा विभागाच्या किंवा मोटार वाहन खात्याच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावा; एजंटाच्या तोंडी सांगण्यावर किंवा मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर विसंबू नये.

एक अपघात आकड्यांत मांडून पाहा

मर्यादा कशी लागते हे कळण्यासाठी एक काल्पनिक अपघात घेऊ. टेक्ससमध्ये फ्रिस्कोच्या एका चौकात आपण लाल दिवा ओलांडला आणि आडव्या येणाऱ्या मिनिव्हॅनला धडक दिली. व्हॅनमध्ये तिघे होते. चालकाच्या मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, काही आठवडे काम बुडाले. त्याची एकूण भरपाई ७०,००० डॉलर ठरली. शेजारच्या प्रवाशाची २०,००० आणि मागे बसलेल्याची १५,००० ठरली. व्हॅन निकालात निघाली, तिचे ३४,०००. आणि घसरत जाऊन ती ज्या सिग्नलच्या खांबावर आदळली त्याचे शहराने ६,००० लावले. अमेरिकेतील शस्त्रक्रिया आणि इस्पितळातील मुक्कामाचे दर पाहता हा काही भयंकर अपघात नव्हे, मध्यमच म्हणावा.

आपली पॉलिसी राज्याच्या किमान अटीची, ३०/६०/२५ ची आहे. चालकाला कंपनी ३०,००० च्या वर देऊ शकत नाही. तिथेच ४०,००० उरले. त्यानंतर ३०,०००, २०,००० आणि १५,००० मिळून ६५,००० होतात, पण सर्वांसाठीची मर्यादा ६०,००० आहे, म्हणून आणखी ५,००० उरले. मालमत्तेचे ४०,००० झाले आणि मर्यादा २५,००० ची, म्हणजे १५,००० उरले. एकूण नुकसान १,४५,०००, कंपनीने दिले ८५,०००, आणि ६०,००० डॉलर आपल्या नावावर राहिले. या सगळ्यात आपण कायदा पूर्णपणे पाळलेला आहे. पोलिसाने थांबवले असते तर आपले विमा कार्ड निर्दोष ठरले असते. हाच अपघात १००/३००/१०० च्या पॉलिसीत बसवून पाहिला तर उरलेली रक्कम शून्य येते.

काही कंपन्या तीन आकड्यांऐवजी एकच एकत्रित मर्यादा देतात, उदाहरणार्थ तीन लाख डॉलर, आणि ती इजा व मालमत्ता यांत हवी तशी वापरता येते. एकच व्यक्ती गंभीर जखमी झाली तर अशी मर्यादा १००/३०० पेक्षा उपयोगी पडते, कारण तिथे माणशी एक लाखाची अडवणूक नसते.

मर्यादेपलीकडे नेमके काय होते

लायबिलिटी विम्याचा, म्हणजे आपण दुसऱ्याचे केलेले नुकसान भरून देणाऱ्या विम्याचा, अर्धा उपयोग पैशाचा आणि अर्धा वकिलाचा आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. आपल्यावर दावा दाखल झाला तर वकील नेमून आपली बाजू लढवणे हे कंपनीचे कर्तव्य असते, आणि सर्वसाधारण पॉलिसीत वकिलाचा खर्च आपल्या मर्यादेतून वजा होत नाही. लायबिलिटीला डिडक्टिबलही नसते; आपण अपघात केला म्हणून दुसऱ्याच्या भरपाईतला पहिला वाटा आपण द्यायचा, असे काही नाही.

दाव्याची रक्कम मर्यादेच्या वर जाण्याची चिन्हे दिसली की कंपनी आपल्याला तसे पत्र पाठवते आणि हवा असल्यास स्वतःचा वकील करा, असे कळवते. बरेच दावे मर्यादेच्या आत तडजोडीने मिटतात, कारण ज्याच्याकडे काही नाही त्याच्या मागे लागण्यात फिर्यादीच्या वकिलालाही रस नसतो. मात्र हेच तर्कशास्त्र उलटेही लागू होते. दोघांचे चांगले पगार, स्वतःचे घर, बँकेत शिल्लक, असे कुटुंब किमान विम्यावर गाडी चालवत असेल तर मर्यादेवर थांबण्याचे कारण समोरच्या वकिलाकडे उरत नाही. न्यायालयाचा हुकूमनामा झाला की बहुतेक राज्यांत पगारावर जप्ती आणता येते. केंद्रीय कायद्याने तिला हातात येणाऱ्या पगाराच्या २५ टक्क्यांची सर्वसाधारण कमाल घातली आहे, आणि काही राज्ये त्याहून कमी परवानगी देतात. टेक्ससमध्ये अशा साध्या दिवाणी देण्यापोटी पगार जप्त होत नाही आणि राहत्या घरालाही मोठे संरक्षण आहे, पण बँकेतल्या शिलकीला ते नाही. नोकरीतल्या ४०१-के या निवृत्ती बचत खात्यातील रक्कम बहुतांशी सुरक्षित असते. हुकूमनाम्याची रक्कम थकली तर अनेक राज्ये वाहन परवानाही स्थगित करतात.

म्हणून मर्यादा निवडताना राज्याचा आकडा बाजूला ठेवून एक कागद घ्यावा. त्यावर बँकेतील व शेअरमधील बचत, घराच्या किमतीतून कर्ज वजा जाता उरणारी रक्कम आणि पुढच्या काही वर्षांचा पगार लिहावा. माझ्या मते, नोकरी करणाऱ्या कुटुंबाने १००/३००/१०० च्या खाली जाऊ नये, आणि घर घेतल्यावर २५०/५००/१०० वर जावे. मर्यादा तिप्पट केली म्हणून प्रीमियम तिप्पट होत नाही. लहान दावे संख्येने फार असतात, म्हणून पहिल्या काही हजार डॉलरचा विमा सर्वांत महाग पडतो आणि वरचे थर त्या मानाने स्वस्त असतात. हे पडताळायचे तर एकाच कंपनीकडून किमान, १००/३००/१०० आणि २५०/५००/१०० असे तीन भाव एकाच वेळी मागवावेत आणि फरक स्वतःच पाहावा.

त्याच्याही वर जायचे असेल तर अम्ब्रेला पॉलिसी असते. ती साधारण दहा लाख डॉलरपासून सुरू होते आणि मोटार किंवा घराच्या विम्याची मर्यादा संपली की पुढे लागू होते. ती देण्याआधी कंपनी मोटार विम्यात २५०/५०० सारखी ठरावीक मर्यादा असण्याची अट घालते, आणि मोटार व घर हे दोन्ही विमे आपल्याकडेच असावेत असाही पुष्कळांचा आग्रह असतो. घरात सोळा-सतरा वर्षांचे मूल गाडी चालवू लागले की या पॉलिसीचा विचार लांबणीवर टाकू नये.

नो-फॉल्ट राज्य असेल तर आणखी एक निवड

बारा राज्यांत नो-फॉल्ट पद्धत आहे, आणि मराठी वस्ती मोठी असलेले न्यू जर्सी त्यात येते; न्यू यॉर्क, पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स, मिशिगन, मिनेसोटा, फ्लोरिडाही येतात. या राज्यांत अपघात कोणाच्या चुकीने झाला हे न पाहता आपल्या दवाखान्याचा खर्च आधी आपलीच पॉलिसी देते. या भागाला पर्सनल इंज्युरी प्रोटेक्शन, थोडक्यात पीआयपी, म्हणतात. नावावरून चुकीला माफी असल्यासारखे वाटते, पण तसे नाही: मालमत्तेचे नुकसान बहुतेक ठिकाणी चूक करणाऱ्याच्याच माथी येते, आणि इजा गंभीर असेल तर दावाही होतो.

न्यू जर्सीचा अर्ज सर्वांत जास्त गोंधळात टाकतो, म्हणून तो जरा सावकाश पाहू. तिथे स्टँडर्डखेरीज बेसिक नावाची स्वस्त पॉलिसी मिळते. तिच्यात दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी ५,००० डॉलर आणि आपल्या उपचारांसाठी १५,००० एवढेच असते; दुसऱ्याला झालेल्या इजेसाठी मुळात काहीच नसते, वेगळे मागितले तर १०,००० मिळतात. कायदेशीर असली तरी पगारदार माणसाने ती घेऊ नये. स्टँडर्डमध्ये पीआयपीची रक्कम १५,००० पासून अडीच लाखांपर्यंत निवडता येते, आणि अपघाताच्या उपचारांचा खर्च आधी आरोग्य विम्याने द्यावा, असा पर्याय निवडल्यास प्रीमियम कमी होतो. इथे थांबावे. नोकरीतला आरोग्य विमा मालकाने स्वतःच्या निधीतून चालवलेला असेल तर तो मोटार अपघाताचा पहिला भार घेण्यास नकार देऊ शकतो. म्हणून आधी आरोग्य विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे आणि मगच ही सवलत घ्यावी. तिसरी निवड दावा करण्याच्या हक्काची आहे. मर्यादित हक्क निवडला तर प्रीमियम बराच उतरतो, पण कायद्याने ठरवलेल्या गंभीर इजांखेरीज दुखण्या-सोसण्याची भरपाई मागता येत नाही. पेनसिल्व्हेनियातही अशीच निवड करावी लागते. अर्ज भरताना हा चौकोन केवळ पैशाकडे पाहून टिचकवला जातो, आणि त्याने घरातल्या मुलांचाही हक्क बांधला जातो.

न्यू यॉर्कची किमान अट २५/५०/१० असून मृत्यू झाल्यास इजेची मर्यादा ५०/१०० धरली जाते. शिवाय ५०,००० डॉलरचे नो-फॉल्ट संरक्षण सक्तीचे आहे. त्याचा अर्ज अपघातापासून ३० दिवसांत द्यावा लागतो. फ्लोरिडाचा प्रकार और आहे. तिथे १०,००० पीआयपी आणि १०,००० मालमत्तेसाठी एवढेच सक्तीचे आहे, दुसऱ्याच्या शरीराला झालेल्या इजेचा विमा सर्वसाधारण गाडीला सक्तीचा नाही. पीआयपीतून उपचारांच्या खर्चाचा ८० टक्के भाग मिळतो आणि त्यासाठी पहिले उपचार अपघातापासून १४ दिवसांत घेतलेले असावे लागतात. मिशिगनमध्ये २०२० च्या सुधारणेपासून उपचार खर्चाची मर्यादा स्वतः निवडावी लागते. त्याआधी ती सर्वांना अमर्याद होती.

समोरच्याकडे विमाच नसेल तर

विमा सक्तीचा असला तरी अमेरिकेत साधारण सात चालकांमागे एक विम्याविना गाडी चालवतो, असा विमा क्षेत्रातील अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यात किमान विम्यावर चालवणाऱ्यांची भर घातली की वर मांडलेल्या उदाहरणात आपण मिनिव्हॅनमधल्या माणसाच्या जागी असण्याची शक्यता लक्षात येते. अनइन्शुअर्ड आणि अंडरइन्शुअर्ड मोटरिस्ट हे संरक्षण त्यासाठी असते: चूक समोरच्याची, विमा त्याच्याकडे नाही किंवा अपुरा आहे, अशा वेळी आपली कंपनी त्याच्या जागी उभी राहून आपल्याला भरपाई देते. धडक देऊन पळून गेलेल्या गाडीलाही ते बहुधा लागू होते, आणि रस्ता ओलांडताना आपल्याला गाडीने उडवले तरी सहसा लागू होते. काही राज्यांत ते सक्तीचे आहे. टेक्ससमध्ये कंपनीने ते आणि २,५०० डॉलरचे पीआयपी द्यायलाच हवे, आणि ग्राहकाला नको असल्यास लेखी नकार द्यावा लागतो. ऑनलाइन पॉलिसी घेताना सह्यांच्या गठ्ठ्यात हा नकाराचा फॉर्म एका टिचकीत निघून जातो. हे संरक्षण आपल्या लायबिलिटीच्या मर्यादेएवढे घ्यावे. मर्यादा वाढवण्याचे हेही एक कारण आहे, कारण सहसा त्याहून जास्त ते मिळत नाही.

भारतातून आई-वडील काही महिन्यांसाठी येणार असतील तर मेडिकल पेमेंट्स हा छोटा भागही पाहावा. गाडीत बसलेल्यांच्या उपचारांसाठी तो चूक कोणाची हे न पाहता पैसे देतो. पाहुण्यांसाठी काढलेल्या प्रवास विम्याच्या मर्यादा आणि अपवाद ध्यानात घेता ते काही हजार डॉलर मोलाचे ठरतात.

आपल्या स्वतःच्या गाडीचे संरक्षण हा वेगळा विषय आहे आणि त्याची राज्याकडून सक्ती नसते. कर्ज किंवा लीज असेल तर बँक ती करते. दुसऱ्या गाडीवर किंवा खांबावर आदळून झालेले नुकसान कोलिजनमध्ये येते. चोरी, आग, गारा, अंगावर पडलेले झाड, आडवे आलेले हरीण हे काँप्रिहेन्सिव्हमध्ये येते. भारतात त्या नावाखाली सगळेच मिळत असे, इथे टक्कर त्यात धरत नाहीत.

अर्ज भरताना आणि भाव मागवताना

भाव मागवताना सर्व कंपन्यांना एकच मर्यादा, एकच डिडक्टिबल आणि तेच चालक द्यावेत, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. भारतातील नो क्लेम बोनस आणि चालवण्याची वर्षे बहुतेक कंपन्या धरत नाहीत; स्थानिक परवाना मिळाला की भाव उतरतो. कॅलिफोर्निया, हवाई आणि मॅसॅच्युसेट्स सोडल्यास बहुतेक राज्यांत क्रेडिटच्या इतिहासावरही प्रीमियम ठरतो आणि नवागताकडे तो इतिहास नसतो. पॉलिसी बहुधा सहा महिन्यांची असते, म्हणून पहिली एक-दोन नूतनीकरणे आपोआप होऊ न देता नवे भाव मागवावेत.

घरात राहणारे सर्व परवानाधारक अर्जात दाखवावेत. पती, पत्नी, भाऊ आणि कंपनीच्या नियमानुसार खोली वाटून राहणारा रूममेटही. पत्ता खरा द्यावा. न्यू यॉर्कमध्ये राहून पेनसिल्व्हेनियातल्या नातेवाइकाच्या पत्त्यावर गाडी नोंदवल्याने पैसे वाचतात ही गोष्ट खरी, पण तो विमा कंपनीची फसवणूक ठरणारा गुन्हा आहे आणि दाव्याच्या वेळी कंपनी नेमके हेच तपासते. प्रवासी किंवा खाद्यपदार्थ पोहोचवण्याचे ॲप सुरू असताना साधी पॉलिसी लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. आई-वडील गाडी चालवणार असतील तर त्यांच्या भारतीय परवान्यावर त्या राज्यात किती काळ चालवता येते हे पाहून कंपनीला आधी कळवावे. मित्राला गाडी दिली तर आधी गाडीच्या मालकाचा विमा लागू होतो, चालकाचा त्यानंतर. न्यू यॉर्कमध्ये तर परवानगीने चालवणाऱ्याच्या चुकीला मालकही जबाबदार धरला जातो.

पॉलिसी हाती आली की तिच्या पहिल्या पानांवरचे डिक्लरेशन्स वाचावे. नावे, पत्ता, गाडीचा क्रमांक, तीन आकडे, अनइन्शुअर्ड मोटरिस्टची मर्यादा आणि वगळलेल्या चालकांची यादी सगळी तिथेच असते. पाकिटात ठेवायच्या विमा कार्डावर मात्र आपण निवडलेल्या मर्यादा सहसा छापलेल्या नसतात, म्हणून कार्ड पाहून समाधान मानू नये.

प्रवास, भाड्याची गाडी आणि राज्यबदल

आपल्या राज्याबाहेर प्रवास करताना विमा चालतो, आणि त्या राज्याची किमान अट जास्त असेल तर पॉलिसी तेवढ्यापुरती आपोआप वाढते. कॅनडात ती चालते. मेक्सिकोत शिरताना तिथला वेगळा विमा घ्यावा लागतो. भाड्याने गाडी घेताना क्रेडिट कार्डाचे संरक्षण मिळते ते त्या गाडीच्या नुकसानीपुरते. दुसऱ्याला झालेल्या इजेसाठी त्याचा उपयोग नाही. स्वतःची गाडी आणि पॉलिसी असेल तर तिची लायबिलिटी सहसा भाड्याच्या गाडीवर लागू होते. नसेल तर काउंटरवर मिळणारे पुरवणी लायबिलिटी संरक्षण घ्यावे, किंवा वारंवार गाडी लागत असल्यास नॉन-ओनर, म्हणजे स्वतःची गाडी नसलेल्या चालकासाठीची, पॉलिसी काढावी.

राज्य बदलून राहायला गेल्यावर नोंदणी बदलण्याची मुदत टेक्ससमध्ये ३०, कॅलिफोर्नियात २० आणि न्यू जर्सीत ६० दिवसांची आहे. नवी पॉलिसी लागू झाल्याशिवाय जुनी रद्द करू नये. मध्ये पडलेला एका दिवसाचा खंडही कंपन्यांना दिसतो आणि पुढचे भाव चढतात.

अपघात झाल्यावर

कोणी जखमी असेल तर ९११ ला फोन करावा, गाड्यांची आणि रस्त्याची छायाचित्रे घ्यावीत, समोरच्याचा परवाना व विमा कार्ड यांचे फोटो घ्यावेत आणि त्याच दिवशी आपल्या कंपनीला कळवावे. चूक आपलीच होती, अशी कबुली जागेवर देऊ नये. आपल्या तोंडून सवयीने निघणारे "सॉरी" तिथे आवरलेले बरे. विचारपूस जरूर करावी, पण दोष कोणाचा हे कंपन्या आणि न्यायालय ठरवतील. व्हर्जिनिया, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलायना, अलाबामा आणि राजधानी वॉशिंग्टन येथे जखमीची स्वतःची थोडी जरी चूक निघाली तरी त्याचा दावा सहसा पूर्ण बाद होतो. उलट कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्कमध्ये चुकीच्या टक्केवारीनुसार भरपाई कमी होते. कॅलिफोर्नियात कोणी जखमी झाले किंवा नुकसान १,००० डॉलरच्या वर गेले तर १० दिवसांत मोटार वाहन खात्यालाही वेगळा अहवाल द्यावा लागतो.

समोरच्याच्या विमा कंपनीचा माणूस फोन करून ध्वनिमुद्रित जबाब मागतो. तो देणे आपल्यावर बंधनकारक नसते. आपल्या कंपनीचा संपर्क देऊन थांबावे. स्वतःच्या कंपनीला मात्र सहकार्य करावेच लागते, आणि वकिलाचे पत्र किंवा न्यायालयाचे समन्स आले तर ते न उघडता ठेवून देणे महागात पडते, कारण उत्तराची मुदत समन्स हाती आल्यापासून चालू होते.

कायमचे भारतात परतणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी सांभाळाव्यात. न्यू यॉर्कमध्ये विमा रद्द करण्याआधी नंबर प्लेट खात्याकडे जमा कराव्या लागतात, नाहीतर नोंदणी आणि परवाना स्थगित होऊ शकतो. न्यू जर्सीतही प्लेट आधी परत कराव्यात. दुसरी गोष्ट जुन्या अपघातांची. इजेचा दावा दाखल करण्याची मुदत टेक्सस, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडात दोन वर्षे, न्यू यॉर्कमध्ये सर्वसाधारणपणे तीन वर्षे आहे, आणि अपघाताच्या दिवशी चालू असलेली पॉलिसी नंतर रद्द झाली असली तरी त्या दाव्याला उत्तर देणे तिचेच काम असते. म्हणून निघण्यापूर्वीच्या दोन-तीन वर्षांत काही अपघात झालेला असेल तर त्या काळातली डिक्लरेशन्सची पाने आणि दाव्याचे क्रमांक सोबत घ्यावेत, आणि कंपनीकडे भारतातला पत्ता व ईमेल नोंदवून मगच निघावे.